गच्चीवर पिकलेली वीज

हडपसर, पुणे
१२ फेब्रुवारी २०२४

ती. अक्कास,
दिगंबरचा साष्टांग नमस्कार. (डावा गुडघा वाकत नाही, तेव्हा सात अंगांचाच समज.)

पाकीट पाहून दचकू नकोस, इकडे सगळे धडधाकट आहेत. फोनच करणार होतो. पण मागच्या खेपेला तू "हॅलो" म्हणालीस आणि नंतर नुसता तुझ्या ऑक्सिजनच्या मशीनचा आवाज ऐकू येत राहिला. नीरजा म्हणाली, "वन्संना बोलायला लावू नका, दम लागतो. पत्र लिहा. तुमच्या पत्रांनी दम लागतो तो फक्त वाचणाऱ्याला." हा टोमणा होता, हे मला संध्याकाळी कळलं.

बातमी अशी की आपल्या गच्चीवर सूर्य कामाला लागला आहे. निळ्याकाळ्या काचेची पॅनेल्स दक्षिणेकडे तोंड करून तिरकी बसवली आहेत. तू मागे आलीस तेव्हा या घराच्या तिन्ही बाजूंना ऊस होता आणि तू विचारलं होतंस, "इथे माणसं राहतात का?" आता तिन्ही बाजूंना संगणकवाल्यांचे काचेचे मनोरे आहेत आणि हा प्रश्न मीच विचारतो. पण ऊन तेवढंच राहिलं. ते या चाळीस वर्षांत कुणी विकत घेतलं नाही, हाच चमत्कार.

मी सगळी नोकरी खडकीच्या दारूगोळा कारखान्यात भांडारपाल म्हणून काढली. तिथे काहीतरी आपटल्याशिवाय, तापल्याशिवाय, निदान साहेब ओरडल्याशिवाय काही तयार होत नसे. इथे आवाज नाही, धूर नाही, हलणारा एक स्क्रूसुद्धा नाही. मी पहिल्या दिवशी खुर्ची टाकून समोर बसलो. काही घडताना दिसेना. आणि खाली फ्रिज चालत होता, नीरजाचा मिक्सर चालत होता, नीरजाही चालत होती. "ऊन लागेल, खाली या," म्हणाली. मी म्हटलं, "अगं, तेच तर लागलंय."

खरी गंमत पुढेच. स्पृहानं विजेवरची गाडी घेतली आहे. आठवड्यातले तीन दिवस ती घरूनच कंपनीचं काम करते. तेव्हा गाडी पोर्चमध्ये उभी राहून गच्चीवरची वीज पीत असते, गोठ्यातल्या म्हशीसारखी. मागच्या रविवारी तिघं खडकवासल्याला गेलो. येताना धरणाचं पाणी मागे पडलं आणि मला एकाएकी जाणवलं, की ही गाडी ज्यावर पळतेय ते शनिवारी आपल्या गच्चीवर पडलेलं ऊन आहे. कालचं ऊन! जे आजवर शेवाळ वाळवण्यापलीकडे कुणाच्या उपयोगी पडलं नव्हतं. मी गप्प झालो. मी गप्प झालो म्हणून स्पृहानं गाडी बाजूला घेतली आणि विचारलं, "बाबा, छातीत दुखतंय का?"

आता मुद्दा. वरची पूर्वेची खोली मोकळी आहे. डॉक्टर तुला काय म्हणाले ते तुझ्या पुतण्याकडून कळलं. तू इकडे ये, कायमची. तुझं मशीन उन्हावर चालेल.

तुझा,
दिगंबर


दर्यापूर
२१ फेब्रुवारी २०२४

चि. दिगंबरास अनेक आशीर्वाद.

पत्राची सोय बरी केलीस. फोनवर मी दोन वाक्यांत दमते आणि माझा मुद्दा नेहमी तिसऱ्या वाक्यात असतो. लोकांना वाटतं म्हातारी मवाळ झाली.

सूर्य कामाला लागला हे वाचून आनंद वाटला. पुण्यात दुपारी एक ते चार काम करणारं कुणीतरी निघालं.

थट्टा राहू दे. तुझं पत्र मी हेमाला वाचून दाखवायला लावलं. हेमा म्हणजे शेजारची सून, मला ती रोज डाळभात आणि गावची बित्तंबातमी पुरवते. गाडी कालच्या उन्हावर चालते या ओळीला ती थांबली आणि म्हणाली, "आजी, असं असते काय?" मी म्हटलं, आमच्या दिगूनं लहानपणी एक गोष्ट सांगितली तर अर्धी धरायची. पण ही अर्धी जरी खरी असेल तरी पुष्कळ झालं. मीही जरा वेळ अंगणातल्या उन्हाकडे बघत बसले. इकडे वऱ्हाडात ऊन म्हणजे शिक्षा. ते कुणाला कामी येत असेल असं मनातच आलं नव्हतं.

आता माझं ऐक. कोरोना गेला, पण जाताना माझ्या फुफ्फुसांतला मोठा वाटा घेऊन गेला. आता नाकात नळी, नळीमागे मशीन, मशीनमागे भिंतीतलं प्लगाचं भोक. त्या भोकावर माझा जीव आहे. गेल्या महिन्यात वीज गेली. इन्व्हर्टरची बॅटरी माझ्याच वयाची. तिनं मान टाकली. हेमा सिलिंडर जोडायला धावली, तर त्याची चावी फिरेना. शेवटी फिरली. पण तोवर मी छताच्या पंख्याकडे बघत पडले होते. बंद पंखा फार मोठा दिसतो रे.

डॉक्टर म्हणाले, उन्हाळ्याच्या आत, जिथे वीज जात नाही अशा ठिकाणी राहायला जा. असं ठिकाण कुठलं हे ते बोलले नाहीत. तेवढ्यात त्यांच्याच दवाखान्यातली वीज गेली होती.

यायचं तर मला आहे. खडकीच्या क्वार्टरमधून लग्न होऊन निघाले ती पुण्याची जीभ घेऊनच. ती इथे कुणाला कधी नीट कळली नाही. पण इथून निघाले तर परत येणं नाही. एवढा प्रवास ही फुफ्फुसं एकदाच करतील, आणि पुतण्या घर भाड्यानं देईल. म्हणून एकच विचारते, उत्तर लेखी दे.

वीज गेली तर?

तुझी,
अक्का


हडपसर, पुणे
१ मार्च २०२४

ती. अक्कास साष्टांग नमस्कार.

वीज गेली तर? अक्का, ती आता जाईल कुठे? ज्यांची वीज दुसऱ्याच्या घरून येते त्यांची जाते. आपली गच्चीवर पिकते. विहीर दारात असलेल्या माणसाला नळाचं पाणी कधी येतं हे विचारण्यातला प्रकार झाला हा.

पॅनेलं बसवणाऱ्या कंपनीचा सुदर्शन नावाचा मुलगा आहे. नांदेडकडचा, गोड बोलतो, आणि तिथेच मी सावध झालो. पहिल्या दिवसापासून त्याचा एकच धोशा: "काका, सोबत बॅटरी घ्या. काका, बॅटरी घेतलेली बरी." मी त्याला म्हटलं, "बाळ, आग्रह पंगतीत करावा, दुकानात नाही." दुकानदार एखादी वस्तू घ्याच म्हणतो तेव्हा ती लागत नसते, हे मी पुण्यात शिकलो. चांगल्या दुकानात तर आहे ती वस्तूसुद्धा दाखवत नाहीत. तो अजून काहीतरी समजावू पाहत होता, पण मी चहा मागवला आणि विषय संपवला.

तेव्हा लेखी घे: वीज गेली तरी तुझं मशीन थांबणार नाही. खाली सही करतो.

खोलीत पलंग पूर्वेला टाकलाय. खिडकीतून कोपऱ्यावरचा गुलमोहर, विजेचा खांब आणि भांडणं दिसतात. मार्चअखेर तुला आणायला येतो.

दिगंबर


हडपसर, पुणे
१४ मार्च २०२४

ती. अक्कास नमस्कार.

इकडे उन्हाळा यंदा लवकर लागला आहे. अशात प्रवास बरा नव्हे. शिवाय वरच्या खोलीचं रंगकाम काढलं आहे, त्याचा वास तुला सोसायचा नाही. तेव्हा घाई न करता जूननंतर बघू. स्पृहाच्या कंपनीत काम वाढलं आहे. आंबा अजून आला नाही.

प्रकृतीला जप.

दिगंबर


दर्यापूर
२२ मार्च २०२४

चि. दिगंबरास आशीर्वाद.

जूनपर्यंत रंगकाम? खोली रंगवतोयस की शनिवारवाडा?

जो माणूस पंधरा दिवसांपूर्वी सूर्याच्या वतीनं सह्या करत होता, तो आता आंब्याच्या बातम्या देतो. मला समजलं. नीरजाला विचारल्याशिवाय तू बोलावलंस आणि मग विचारलंस. असंच झालं असणार. तिचा मला राग नाही. नाकात नळी घातलेली नणंद आणि तिच्याबरोबर रात्रंदिवस घरघरणारं मशीन घरात कोण घेईल? तिला सांग, माझ्या मनात काही नाही.

पुतण्यानं अमरावतीला एका रुग्णालयाच्या मागे खोली पाहिली आहे. माझ्यासारख्या अजून चौघी आहेत. एक मेपासून तिथे जाते. होकार कळवला आहे. तिथे मोठा जनरेटर आहे. जनरेटरचा आवाज मला सोसत नाही, का ते विचारू नकोस. पण आता सोसेन. सवयीनं माणूस काय नाही सोसत? तुझी पत्रं सोसतेच की.

सुखी राहा.

अक्का


हडपसर, पुणे
२९ मार्च २०२४

ती. वन्संना नीरजाचा नमस्कार.

तुमचं पत्र ह्यांनी उभ्यानं वाचलं, मग बसून वाचलं, मग माझ्या हातात देऊन गच्चीवर गेले ते जेवायला उतरले नाहीत. म्हणून मी लिहायला बसले आहे. ह्यांना दाखवणार नाही.

वन्सं, तुम्ही यावं हे ह्यांच्या आधी मी म्हटलं होतं. या घरात ह्यांना गप्प करू शकणारी दुसरी बाई मला हवीच आहे. आणि मशीनच्या घरघरीचं काय घेऊन बसलात; लग्नाला छत्तीस वर्षं झाली, ह्यांच्या शेजारी झोपते मी.

झालं ते असं. ह्यांनी तुम्हाला सही करून पत्र पाठवलं त्याच्या दुसऱ्या आठवड्यात भर दुपारी रस्त्यावरची वीज गेली. हे आनंदानं टाळी वाजवून म्हणाले, "आता बघ!" आम्ही बघायला लागलो. पंखा थांबला. फ्रिज थांबला. पोर्चमधल्या गाडीचा हिरवा दिवा विझला. बाहेर ऊन असं की गच्चीवर पाय ठेववेना, आणि घरात शेजाऱ्यापाजाऱ्यांसारखाच अंधार. म्हणजे, उकाडा.

हे गच्चीवर धावले. पॅनेलवर हात ठेवला, भाजला, दुसरा ठेवला. मग सुदर्शनला फोन लावला. मी बाजूलाच होते.

"अरे, ऊन आहे आणि वीज नाही!"
"हो काका. बाहेरची वीज गेली की आपली सिस्टिम आपोआप बंद होते. बॅटरी असती तर..."
"पुढचं बोलू नकोस."
"काका, तरी मी तेव्हा म्हटलं होतं..."
"म्हटलं ना, पुढचं बोलू नकोस!"

मग ते जिन्यात बसून राहिले. फोन मी घेतला आणि विचारलं, "पण बंद का होते रे बाबा? हा कुठला न्याय?" तो म्हणाला, "काकू, बाहेरची वीज गेली म्हणजे कुठेतरी खांबावर माणूस चढलेला असू शकतो. त्याला वाटतं तार मेलेली आहे. आपल्या गच्चीवरची वीज त्या तारेत गेली तर तो जागच्या जागी जाईल. म्हणून तार मेली असं कळलं की पॅनेलची वीज घरात सोडणारी आपली पेटी त्या क्षणी थांबते. घरचे उकडले तरी चालतील, तो माणूस वाचला पाहिजे." 

 मी भिंतीवरच्या त्या पांढऱ्या पेटीकडे बघत राहिले. कुणी ओळखीचं नाही, पाळखीचं नाही, आणि त्याच्यासाठी ही मुकाट बसलीय.

पण ह्यांना ते दिसत नाही. ह्यांना एवढंच दिसतं की अक्काला मी लेखी दिलं आणि ती त्यावर विसंबून आली असती तर काय झालं असतं. रंगकाम बिंगकाम काही नाही. लाज वाटते म्हणून जून काढलाय. तुम्ही अमरावतीला जायचं पक्कं करण्याआधी हे तुम्हाला कळावं एवढंच.

तुमची,
नीरजा


दर्यापूर
६ एप्रिल २०२४

चि. दिगंबर,

नीरजानं मला सगळं लिहिलं. तिच्यावर चिडायचं नाही. माझी ताकीद आहे. आधी हसून घेते. पाऊस पडल्यावर मिटणारी छत्री घेतलीस तू! आणि ती द्यायला आलेला पोरगा "काका, दांडा घ्या" म्हणत होता तर त्याला चहा पाजून गप्प केलास. एवढी शहाणी चूक पुण्याबाहेर कुणाला जमली नसती.

झालं हसून. आता जे लिहिते ते तुला मी कधी सांगितलं नाही. बोलून सांगता आलं नसतं. तेव्हा दम होता, पण तरी आलं नसतं.

तुझे भावोजी वीजमंडळाचे लाइनमन, खांबावरच गेले हे तुला ठाऊक आहे. सन एक्याण्णव, लग्नसराई. तू आलास तेव्हा अंगणात बसलेले सगळे म्हणत होते, "रंगराव फ्यूज काढायला विसरले असतील. वय झालं होतं." त्रेचाळीस वर्षांच्या माणसाचं वय झालं होतं! 

ते विसरले नव्हते. चढण्याआधी डीपीतला, म्हणजे रस्त्यावरच्या विजेच्या डब्यातला, फ्यूज काढायचा आणि खिशात घालायचा, म्हणजे मागे कुणी बसवू नये, अशी त्यांची रीत होती. तारेचा जोड सुटला होता. त्यांनी फ्यूज काढला, तार मेली, ते चढले. चौकापलीकडच्या कार्यालयात लग्न लागत होतं. वीज गेली म्हणून तिथल्यांनी जनरेटर लावला, आणि रस्त्याकडची वाट बंद न करताच लावला. पंख्यांना वीज मिळाली, मांडवाच्या माळांना मिळाली, आणि राहिलेली तारेनं उलटी आली. ह्यांचा हात तारेवर होता.

फ्यूज त्यांच्या सदऱ्याच्या खिशातून मी काढला. कुणाला दाखवायचा होता? वऱ्हाड जेवून निघून गेलं होतं. त्यांच्यातल्या कुणाला आजही माहीत नसेल. त्यांनी वाईट काहीच चिंतलं नव्हतं, फक्त नवरानवरीला उकडू नये एवढंच. तेहतीस वर्षं मी एकच घोळवते आहे: एवढ्या माणसांत एकालाही कसं सुचलं नाही, की तार मेली आहे म्हणजे तिच्यावर कुणीतरी असेल?

आणि नीरजा लिहिते, तुझ्या भिंतीवरच्या पेटीला सुचतं.

मी ती ओळ हेमाला पुन्हा पुन्हा वाचायला लावली. शेवटी ती रडायला लागली, तिला कारण माहीत नसताना. दिगंबर, सूर्यावर गाडी पळते हे मोठंच आहे, मी नाही म्हणत नाही. पण भर उन्हात, सगळं अंगात असताना, खांबावरच्या परक्या माणसासाठी जी थांबते तिला मी काय म्हणू? हे बनवताना कुणीतरी त्याचा विचार केला. कुठल्या तरी देशात, कुठल्या तरी टेबलाशी बसलेल्या माणसानं ह्यांचा विचार केला. तू ज्याची लाज धरून बसलास त्याला मी इथून हात जोडले आहेत.

तरी माझी नळी राहतेच. म्हणून पुन्हा एकच विचारते. खांबावरच्याला मेलेली तार आणि मला श्वास, दोन्ही एकदम देता येईल का? येत असेल तर मी येते. एकच मिळणार असेल तर ते त्याला मिळू दे. मी अमरावतीला जाईन. 

या वेळी सही नको. करून बघ, मग लिही.

अक्का


हडपसर, पुणे
१९ एप्रिल २०२४

ती. अक्कास,

तुझं पत्र वाचलं. भावोजींच्या अंगणात मीही बसलो होतो. मीही मान हलवली होती. पुढे लिहवत नाही, कामाचं लिहितो.

सुदर्शनच्या दुकानात गेलो. त्यानं खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि शत्रूसारखा गप्प बसला. मी म्हटलं, "बॅटरी हवी." 
तो म्हणाला, "काका, तुम्हाला गरज नाही असं तुमचंच मत होतं." 
"आता आहे." 
"बघा हं, मी आग्रह करत नाही." 
"अरे, कर ना जरा!" 

तेव्हा हसला लेकाचा. मग सगळं सांगितलं त्याला. तुझं, मशीनचं, आणि भावोजींचंही. त्यानं कागद ओढून काही आकडे मांडले. नंतर म्हणाला, "काका, करू. दोन्ही होतं."

नवीन पेटी आली, बॅटरी आली. ही पेटी अशी आहे: बाहेरची वीज गेली की आधी रस्त्याकडचं दार लावून घेते, आणि दार लागल्याची खात्री झाल्यावरच घरातल्यांना वाढते. तू म्हणालीस करून बघ. भर दुपारी मेन स्विच पाडला. तुझ्यासारखंच मशीन भाड्यानं आणून वरच्या खोलीत लावलं होतं. ते चालूच राहिलं. मग रस्त्याकडे जाणाऱ्या तारेला सुदर्शननं मीटर लावला. शून्य. मी त्याला परत लावायला लावला. शून्य. मग मीटर हातात घेऊन मी स्वतः लावला, एकदा भावोजींसाठी.

अक्का, एकाच उन्हातून घरात वीज आणि तारेत शून्य. मी तिथे मीटर धरून उभा होतो आणि नीरजानं विचारलं, "काय झालं? आकडा चुकला का?" मी म्हटलं, "नाही. बरोबर आलाय." माझा आवाज तिला वेगळा वाटला असावा, कारण तिनं टोमणा मारला नाही.

आणखी एक. बॅटरी संपली, आभाळ आलं, सगळंच बिघडलं, तर? तर पोर्चमध्ये गाडी आहे. तिच्या मागच्या सीटखाली प्लग आहे. गाडी आपल्या पोटातली वीज घराला परत देते. हेही करून पाहिलं. मशीन गाडीला लावून, नळी स्वतःच्या नाकात घालून मी मागच्या सीटवर बसलो. शेजारचे दत्तप्रसाद धावत आले, "काका, ॲम्ब्युलन्स बोलवू का?" स्पृहा म्हणाली, "नको, बाबांचं टेस्टिंग चालू आहे."

आणि तिथे बसल्याबसल्या डोक्यात आलं, की हे मशीन गाडीत चालत असेल तर तुला आणायला ॲम्ब्युलन्स कशाला? तुझ्या डॉक्टरांशी स्पृहा बोलली. सिलिंडर सोबत ठेवा आणि रमतगमत या, म्हणाले.

सही करत नाही. तू विचारलंस त्याचं उत्तर, हो.

दिगंबर


दर्यापूर
२७ एप्रिल २०२४

चि. दिगंबर,

अमरावतीला नाही म्हणून कळवलं. ये. नीरजाला आण, तू वाटेत बोलशील आणि तुला थांबवायला माझ्याकडे दम नाही.

सामान फार नाही. एक ट्रंक.

अक्का


वरची खोली, दिगंबरचं घर
२७ मे २०२४

चि. दिगंबर,

तू खाली पेपर वाचतो आहेस हे तुझ्या संतापावरून कळतंय. आपल्यात एक जिना आहे, पण बोलायला बसले तर तिसऱ्या वाक्याशी पोचणार नाही. म्हणून हे पत्र नीरजा रिकाम्या तांब्याबरोबर खाली आणेल. टपालखात्याला इतकं जमत नाही.

प्रवासाबद्दल लिहायचं राहिलं होतं. तू वाटेत सारखा म्हणत होतास, "अक्का, तू आपल्या गच्चीच्या उन्हावर श्वास घेते आहेस." खोटं. गच्चीचं ऊन तुम्ही मला न्यायला येतानाच जालन्याच्या आसपास संपलं होतं. परतताना ढाब्यांपाशी कुणाकुणाची वीज भरत आलो. मी खोडलं नाही. पण मशीन घुमत होतं, खिडकीतून नांगरलेली रानं पळत होती, आणि आजारानंतर मी पंख्याखेरीज काही हलताना पाहिलंच नव्हतं. नगरपर्यंत पोचलो तेव्हा मी तुझ्या खोट्यावर विश्वास ठेवायला तयार होते.

आता आजचं. सकाळच्या वाऱ्यानं गुलमोहराची फांदी तारेवर पडली. दुपारी वीज गेली. दिवा पापणी लवावी इतका मिटला, उघडला. पंखा थांबायच्या आत पुन्हा फिरायला लागला. मशीननं काही ओळखच दाखवली नाही. तू खालून ओरडलास, "अक्का, ठीक ना?" मी तांब्यावर चमचा वाजवला. तू समजलास.

मग मी खिडकीशी आले. कोपऱ्यावर शिडी लागली होती. पोरगाच होता, पिवळा टोप, कमरेला पट्टा. आधी तो डीपीपाशी गेला. फ्यूज काढला. आणि खिशात घातला.

दिगंबर, मी खिडकीचा गज धरला.

तो चढला. त्याच्या डोक्यावर तेच ऊन होतं जे तुझ्या गच्चीवर होतं, जे माझ्या मशीनमध्ये होतं. त्यानं फांदी बाजूला केली आणि तारेला हात घातला. मी श्वास रोखून धरला. रोखून धरण्याइतका श्वास माझ्याकडे आहे, हेही तेव्हाच कळलं. 

काही झालं नाही. माझं मशीन चालू होतं आणि त्याची तार मेलेली होती. पेटीतून टिक असा आवाजसुद्धा आला नाही. जगात एवढी मोठी गोष्ट होत होती आणि समोरच्या घरात कुणीतरी कुकरची शिट्टी मोजत होतं.

ह्यांचा फ्यूज मी ट्रंकेतून काढून खिडकीत ठेवला आहे. नीरजाला म्हणावं, पुसताना हलवला तर चालेल, परत तिथेच ठेव.

त्यानं जोड बसवला. घाम पुसला. नीरजानं फाटकातून पन्ह्याचा पेला धरला, तर वरूनच म्हणाला, "काकू, आलोच."

आणि तो खाली उतरला रे. आपल्या पायांनी.

अक्का